पांढऱ्या गोण्या आणि जाईबाई

गोणी झटकण्याचं काम लांबून पाहिलं तर मारामारीच वाटते. दोघी बाया गोणीची टोकं ताणून धरतात आणि तिसरी हातभर दांडक्याने तिला हाणत सुटते. आमच्या गावात तलावामागच्या माळावर सोळा बाया सकाळी आठपासून हे काम करायच्या आणि दांडकं असायचं जाईबाईच्या हातात. पन्नाशी उलटलेली, बुटकी बाई. मनगटं मात्र अशी, की रिक्षावाल्याने कॉलर वर करून वाद घालावा आणि ती मनगटं पाहून गप्प बसावं.

"कोनावर एवढा राग गो, जाय?" टोक धरलेली सीताबाई विचारायची.

"दामूवर."

"तो मेला की चार वर्सांपूर्वी."

"म्हनून तर गोनीवर काढते."

दामू तिचा नवरा. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. शिफ्ट संपवून यायचा तो हात शिवशिवत. एकदा त्याने कारखान्यातून आणलेला, मागावर आडवा धागा नेणारा धोटा तिच्या तोंडावर फेकून मारला. लाकडी धोट्याला दोन्ही टोकांना पोलादी अणी असते. ती भुवईच्या वर शिरली आणि रक्ताने डोळा बंद झाला. उरलेल्या एका डोळ्याने जाईबाईने तोच धोटा शोधला आणि त्याच्या गुडघ्यावर असा बसवला, की तो महिनाभर ड्युटीवर गेला नाही. त्यानंतर दारूने मरेपर्यंत त्याने तिच्यावर हात उगारला नाही. हे ती अशा सुरात सांगते, जसं दुसरी एखादी सांगेल की आमच्याकडे नळ नीट झाला एकदाचा.

तिचा मुलगा जीवन मात्र गेला तो दुसऱ्यांच्या भांडणात. राहनाळपासून वडप्यापर्यंत गोदामंच गोदामं, आणि प्रत्येक गोदामाचं भंगार कोण उचलणार यावर आमच्या भागात माणसं कापली जातात. रिकाम्या गोण्या, पुठ्ठे, पट्ट्या, सगळं त्यात आलं. वडप्याच्या बाजूचा एक मोठा ठेका काळूरामला मिळाला. काळूराम नात्याने जाईबाईचा पुतण्या लागतो, तिला काकी म्हणतो. आधीच्या ठेकेदाराने गेट सोडायला नकार दिला. भर दुपारी दोन्हीकडची पोरं पाइप आणि लोखंडी पट्ट्या घेऊन समोरासमोर उभी राहिली. जीवन काळूरामच्या बाजूने होता. त्याच्या डोक्यात मागून पाइप बसला. तो पडल्यावरही मारणारे थांबले नाहीत. पाठीवर, मानेवर, तोंडावर मारतच राहिले.

जाईबाई पोहोचली तेव्हा तो ट्रकच्या वजनकाट्यावर पालथा पडलेला होता. काटा अडला म्हणून मागे पाच गाड्या उभ्या, आणि त्या हॉर्न देत होत्या. कोणी हात लावेना. तिने त्याच्या काखेत हात घातले आणि एकटीने ओढत त्याला बाजूला घेतलं. गाड्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळी आल्या: दोन गटांत हाणामारी, एक ठार. नावही नव्हतं.

तेव्हा जीवनची बायको मेघाली पाच महिन्यांची पोटुशी होती. तेराव्याला काळूराम आला आणि जाईबाईच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. "काकी, आजपासून मीच तुझा जीवन." त्याच आठवड्यात त्याने माळावरचं दांडकं तिच्या हाती दिलं. म्हणजे सोळा बायांची मुकादम केली. ठेका तिच्या मुलाच्या रक्ताने मिळालेला, आणि आता तिचं पोटही त्याच ठेक्यावर. यातली गाठ तिला कळत होती. पण सुनेसाठी आणि येणाऱ्या बाळासाठी दूध आणायचंच होतं.

माळावरची एक रीत होती. अख्ख्या गोण्या काळूरामच्या, फाटक्या बायांच्या. त्यामुळे गावात एक घर असं नव्हतं, जिथे गोदामाची गोणी नाही. भात वाळवायला, कौलांवर घालायला, कोंबड्यांच्या खुराड्यावर, गादीच्या खोळीला, पोरांच्या झोळीला. गावाच्या कडेला कापडावर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे, तोही काळूरामच्या त्याच ठेक्यात. गेल्या वर्षापासून तिकडून पांढऱ्या गोण्या यायला लागल्या. मऊ, आतून प्लास्टिकचं अस्तर. बायांची झुंबड त्यांच्यावर. मग आपोआपच त्या जरा जास्त फाटायला लागल्या. जाईबाईची दीड वर्षांची नात सोनल अशाच एका गोणीच्या झोळीत झोपायची.

त्या गोण्यांतून जी भुकटी उडायची तिच्याविषयी जाईबाई मला एकदा म्हणाली, "पीठ झटकला ना, का तो खाली बसतो. शिमिट पन बसतो. ही बसत न्हाय. उन्हात बघ, तरंगतेच हाय. मी घरी जाऊन जेवले, परत आले, तरी तरंगतेच हाय."

हे निरीक्षण शास्त्रज्ञांच्या गावात येण्याच्या तीन महिने आधीचं आहे.

मग ते आले. मुंबईच्या एका संशोधन संस्थेची माणसं. मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून गावातली चोवीस माणसं त्यांनी निवडली. सलग चार रविवार शाळेच्या हॉलमध्ये बसून त्यांच्याशी चर्चा करायची, असा कार्यक्रम. जाईबाईची चिठ्ठी निघाली. माझी निघाली नव्हती, पण माहितीपत्रक वाचून दाखवायला कोणीतरी हवं, म्हणून तिने शेजारच्या घरातून मला बरोबर नेलं.

बोलणारी मुलगी होती रंजिता. तिशीची, साधा सुती ड्रेस, शब्द मोजून वापरणारी. तिने स्वतःचा एक केस उपटून सगळ्यांसमोर धरला. "या केसाच्या जाडीत आमचे कण शेजारी शेजारी लावले तर हजाराच्या वर बसतील. याला नॅनो म्हणतात. हे जस्ताचे कण आहेत. कापडावर बसवले की त्यावर जंतू वाढत नाहीत. दवाखान्यातल्या चादरींसाठी हे काम चाललंय. ते पुढे न्यावं का, कसं न्यावं, हे ठरायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हणून आलोय."

"आधी?" मागून भूपेश म्हणाला. हा टेम्पो चालवतो, त्याला जुळी पोरं. "भुकटी तर वर्षभर येतेय ना, मॅडम."

"ती फक्त चाचणी आहे."

"म्हणजे जेवणं झाली, आता पत्रिका वाटताय."

हॉल हसला. रंजिताही हसली, पण तिने ते वहीत लिहून घेतलं. ते जाईबाईने पाहिलं. "लिवते हाँ ही पोरगी," ती माझ्या कानात म्हणाली.

मग त्यांचे मोठे सर उभे राहिले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हे मशीन, हा मास्क, हा पंखा, हे पाणी गाळायचं यंत्र. सगळं बंदिस्त. सगळं सुरक्षित.

जाईबाईने हात वर केला. "सर, भुकटी मशीनीत गेली. गोनी कुठं गेली?"

"कसली गोणी?"

"जिच्यातून भुकटी आली ती."

सर समजूतदारपणे हसले. "रिकाम्या गोण्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या जातात."

मग सीताबाई फुटली. "मंग माज्या कोंबड्या कशाखाली निजतात, सर?" सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सरांना काही कळेना. रंजिता हसली नाही. ती खिडकीपाशी गेली. खिडकीतून माळ दिसत होता, आणि माळावरचे पांढरे ढीग.

चहा झाल्यावर ती जाईबाईच्या घरी आली. झोळीत सोनल झोपली होती. रंजिता उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "मावशी, बाळाला आधी बाहेर घ्या."

जाईबाईने पोरीला उचलून मेघालीकडे दिलं. "वाईट हाय?"

रंजिता मेघालीच्या कडेवरच्या बाळाकडे पाहत राहिली.

"तुला ठावं हाय का न्हाय, ते सांग."

"मला एकटीला उत्तर द्यायची परवानगी नाही, मावशी. पुढच्या रविवारी..."

"सगल्यांसमोर सांग मग. हाय तर हाय, न्हाय तर न्हाय. ह्या गावात पन्नास पोरं निजतात ह्यात." तिने झोळी खाली काढली. "मी विचारनार हाय. तू कागदावर लिवून ठेव, म्हंजे तुजा सर इसरनार न्हाय."

बस, एवढंच होतं. एका प्रश्नाचं उत्तर, चारचौघांत आणि कागदावर. पण हे 'एवढंच' कारखान्यापर्यंत पोहोचलं. कारखान्याने काळूरामला फोन केला. गोण्या धोक्याच्या ठरल्या तर गेटबाहेर येणार नाहीत, आणि आल्या नाहीत तर ठेका कसला?

बुधवारी अकराच्या सुमाराला काळूराम माळावर आला. बरोबर मिथुन होता, जाईबाईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. लहानपणी निम्मा वेळ तिच्याच घरी जेवलेला.

"काकी," काळूराम म्हणाला, "रविवारी तू आजारी हायस."

"मी धडधाकट हाय."

"टेन्शन नको देऊ. जीवन ज्या ठेक्यासाठी गेला, तोच तू बुडवायला निघालीस? मेल्यावर पोराला काय तोंड दाखवशील?"

जाईबाईने गोणीवर एक फटका घातला. "जीवनचं नाव तुज्या तोंडातून एकदा निघालं. दुसऱ्यांदा काढू नको."

काळूरामने मिथुनकडे पाहिलं. मिथुन पुढे आला. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. "मावशे, बोल ना, न्हाय जात म्हणून. एकदा बोल ना."

"तू हो बाजूला."

त्याने तिच्या हातातलं दांडकं हिसकावलं आणि तिच्या उजव्या हातावर मारलं. गोणीवर पडतो तसा तो आवाज नव्हता. आतलं काहीतरी कडक तुटलं, ते सोळाच्या सोळा जणींनी ऐकलं. दुसरा फटका पाठीत. तिसरा तोंडावर. ओठ दातांवर चिरडला आणि हनुवटीवरून रक्त पोलक्यावर ओघळलं. ती पडली नाही. मागच्या ढिगावर बसली. तोंडातलं रक्त बाजूला थुंकली, मिथुनकडे पाहिलं आणि म्हणाली, "टोकं धरायला कोन न्हाय ना, म्हनून तुजा फटका नीट बसत न्हाय."

मिथुनने दांडकं टाकलं आणि तो तोंड फिरवून उलटी करायला लागला.

काळूरामने दांडकं उचललं, रक्त गोणीला पुसलं आणि सीताबाईपुढे धरलं. "उद्यापासून मुकादम तू."

बाया बघत उभ्या होत्या. सीताबाईने दांडकं घेतलं.

मी आणि मेघालीने तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. ओठाला चार टाके, हाताला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, हे पडण्याचं नाही, पोलिसांना कळवावं लागेल. जाईबाई टाके घातलेल्या ओठांनी पुटपुटली, "ढिगावरून पडले, डॉक्टर. साह्य करा, रविवारपर्यंत पडलेच हाय मी." परतताना मला म्हणाली, "पोलिस आला का सगला त्यांच्या चौकीत जातो. रविवार पन जाईल."

रविवारी हॉल भरून वाहत होता. चोवीस जणांच्या चर्चेला अडीचशे माणसं. काळूराम टोळीतली पाच पोरं घेऊन पहिल्या रांगेत बसला होता, पायावर पाय टाकून. मिथुन दाराशी उभा होता. मोठ्या सरांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की, बरेच चांगले प्रश्न आले आहेत, पैकी गोण्यांचा प्रश्न या प्रकल्पाच्या कक्षेत बसत नाही, तो संबंधितांकडे पाठवण्यात येईल.

जाईबाई उठली. मेघाली तिच्याबरोबर उठली. मेघालीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक पांढरी गोणी होती. ती तिने सरांच्या टेबलावर ठेवली.

"कक्षा मना कलत न्हाय," जाईबाईचा शब्द ओठाच्या टाक्यांत अडत होता. "ही झटकू का हितं?"

"त्याची काही गरज नाही, बाई."

"गरज माजी हाय. झटकू का?"

"नको मावशी," रंजिता पटकन म्हणाली. "इथे नको."

"हितं नको. मंग मालावर कशी चालते?"

सर रंजिताकडे पाहत होते आणि रंजिता टेबलाकडे.

तेव्हा काळूराम हसत उठला. "अरे, काय भुताटकी लावलीय एका गोणीची?" त्याने टेबलावरची पिशवी फाडली, गोणी दोन्ही हातांत धरली आणि सगळ्यांकडे तोंड करून झटकली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. "बघा! मेलो काय मी? मेलो?" आणि गोणीत तोंड घालून त्याने छाती भरून श्वास घेतला. आमच्याकडच्या पुरुषांना असंच वाटतं. आपण घाबरलो नाही म्हणजे त्या वस्तूत धोका नाही.

खिडक्यांतून ऊन आत येत होतं. त्या उन्हात पांढरा धूर उभा राहिला.

गाव काळूरामकडे पाहतच नव्हतं. गाव टेबलाकडे पाहत होतं. मोठ्या सरांनी रुमाल तोंडावर दाबला, खुर्ची लाथेने मागे लोटली आणि ते मागच्या दाराने बाहेर पळाले. त्यांचे दोन मदतनीस त्यांच्यामागे. रंजिताने ओढणीने नाक झाकलं आणि पुढच्या रांगेतल्या एका लेकुरवाळीला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. अर्ध्या मिनिटात टेबल रिकामं.

आता माहितीपत्रक वाचून दाखवायची गरजच उरली नव्हती.

पहिला उठला भूपेश. त्याची जुळी पोरं दोन पांढऱ्या झोळ्यांत झोपायची. त्याने लोखंडी खुर्ची उचलली आणि काळूरामच्या डोक्यात घातली. काळूरामची पाचही पोरं खिडक्यांतून उड्या टाकून गेली, मिथुन त्यांच्याही आधी. मग सगळं गाव काळूरामवर तुटून पडलं. त्याला फळ्याच्या कोपऱ्यात दाबलं. लाथा बरगड्यांत बसत होत्या, त्यांचा धप्प धप्प आवाज येत होता. कोणी बाकाची फळी उखडली. कोणी त्याचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. फळ्यावर रंजिताने खडूने काढलेल्या केसाच्या चित्रावर रक्ताचा पंजा उमटला. आणि गर्दीतून वाट काढत सीताबाई आली, माळावरचं दांडकं घेऊन. ती काळूरामच्या पायांवर मारत होती आणि प्रत्येक फटक्याला ओरडत होती, "माजा नातू! माजा नातू!"

जाईबाई बसून राहिली असती तर तिला कोण बोट दाखवणार होतं? मला वाटलं, ती बघत बसेल. तिचा तेवढा हक्क होता.

ती गर्दीत घुसली. कोणाचं तरी कोपर तिच्या टाक्यांवर बसलं आणि ओठ पुन्हा फुटला. प्लास्टरवर लाथ बसली तेव्हा ती कळवळून ओरडली, पण थांबली नाही. डाव्या हाताने तिने सीताबाईचं दांडकं खेचून घेतलं, काळूरामच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली आणि समोर येईल त्याला हाणायला लागली. भूपेशच्या नडगीवर एक, तिच्या स्वतःच्या दिराच्या खांद्यावर एक.

"हटा! हटा मेल्यांनो!"

"जायकाकी, सोड त्याला! त्याने तुझा हात मोडवला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"माजा हात मी बघून घेईन!" ती किंचाळली. "हा मेला तर उद्या पेपरात काय येईल? दोन गट. हानामारी. एक ठार. गोनीचा ग पन येनार न्हाय! माज्या जीवनच्या वक्ताला काय आला होता? आं? कोनी लिवला का, तो कशापायी मेला?"

हात थांबले. नुसता धापांचा आवाज. पायाखाली काळूराम कण्हत होता, तोंडातून लाळ आणि रक्त.

"त्या पोरीला आत बोलवा," जाईबाई म्हणाली. "आधी लिवून होऊ दे. मंग काय मारायचा तो मारा."

मेघालीने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि फरशीवर बादलीभर पाणी ओतून भुकटी बसवली. ओल्यात बसते, हे बायांना माहीत होतं. रंजिता आत आली. ती टेबलाशी बसली आणि तिने कोरा कागद घेतला.

"ही भुकटी रोज नाकात गेली, पोरांच्या पन, तर काय होतो?" जाईबाईने विचारलं.

"कारखान्यातल्या कामगारांसाठी काही मर्यादा आहेत, मावशी. पण घरात, रोज, इतक्या लहान मुलांना... त्याचा अभ्यास झालेला नाही. फुप्फुसात किती आत जातं, तिथे किती काळ राहतं..."

"साधं बोल, बाय."

रंजिताने कागदावरून नजर वर केली. "माहीत नाही."

"तेच लिव."

तिने लिहिलं. ती लिहीत असताना वाकून पाहणाऱ्या जाईबाईच्या ओठातून रक्ताचे दोन थेंब कागदावर पडले. रंजिता तशीच पुढे लिहायला लागली. जाईबाईने तिचा हात धरला. "दुसरा कागद घे. रगत दिसला का लोक रगताचाच बोलतात."

दुसऱ्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून लिहिलं गेलं: आम्हाला माहीत नाही. माहीत होईपर्यंत रिकाम्या गोण्या गेटबाहेर जाऊ नयेत. गावात गेलेल्या परत घेतल्या जाव्यात. रंजिताने सही केली. मोठे सर त्यांच्या गाडीत काचा लावून बसले होते आणि गाडीला लोकांनी वेढा घातला होता. जाईबाईने कागद काचेला लावून धरला. सरांनी तो आतूनच वाचला. मग काच चार बोटं खाली आली, पेन बाहेर आलं आणि सही झाली. त्यानंतर पोलिसांची गाडी आली.

मला वाटलं होतं, आता गाव तिला डोक्यावर घेईल. गावाने तिच्या पत्र्यावर दगड टाकले. पांढऱ्या गोण्याच माळावर सगळ्यात जास्त यायच्या. कागद कारखान्यात पोहोचला आणि त्या बंद झाल्या, तशा सोळांतल्या नऊ बाया घरी बसल्या. सीताबाई तिच्या दारासमोर उभी राहून बोटं मोडून गेली. "तुजा पोरगा ठेक्यावर मेला, आनि आता आमी पन मरायचं?" जाईबाई दारात बसून ऐकत होती. एका शब्दाने उलटून बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी ये. कामाचा पन विचारू. मी एकटी किती वेला तोंड फोडून घेऊ?"

दुसऱ्या दिवसापासून ती आणि मेघाली घरोघर फिरायला लागल्या. तोंडावर संस्थेने दिलेले मास्क, हातात पाण्याचा पंप. कौलांवरच्या, खुराड्यांवरच्या, गाद्यांच्या गोण्या आधी भिजवायच्या, मग प्लास्टिकच्या पिशवीत भरायच्या. एका बाईने तिला बादली फेकून मारली. दुसरीने कुत्रा सोडला. त्याने मेघालीच्या पोटरीचा लचका तोडला. तरी चार दिवसांत गाव रिकामं होत आलं.

सगळ्यात शेवटी राहिलं काळूरामचं घर. तो दवाखान्यातून नुकताच आला होता. तीन बरगड्या मोडलेल्या, एक डोळा सुजून बंद. ओटीवर पडला होता. त्याच्या आईने लेकाला मऊ लागावं म्हणून त्याच्या अंगाखाली जी गादी घातली होती, तिची खोळ पांढऱ्या गोण्यांची होती.

जाईबाई त्याच्या उशाशी उभी राहिली. "उठ."

"म्हातारे," तो दातांतून म्हणाला, "ठेका खाल्लास माझा. आता घरात येऊन..."

"उठतोस का वढू?"

"मला हलता येत नाय! बरगड्या..."

"मेघाली, तू डोका धर." तिने गादीवर पंपाने पाणी मारलं. काळूरामच्या पाठीलाही लागलं. मग डाव्या हाताने गादीचं टोक धरून तिने ओढ घेतली. काळूराम एवढ्या मोठ्याने ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली. त्याची आई आतून शिव्या देत धावत आली. जाईबाई थांबली नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा तो ओरडला, आणि तिसऱ्या ओढीला गादी सुटली. तो उघड्या फरशीवर कुशीवर पडून राहिला, तोंडाने श्वास घेत. एकेक श्वास त्याला टोचत होता.

ती गोण्या पिशवीत भरायला लागली. तो एका उघड्या डोळ्याने पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, तेही इतक्या हळू, की त्याच्या आईलाही ऐकू जाऊ नये.

"काकी... मी त्या दिवशी छातीभर घेतली. त्याने काय होईल?"

जाईबाईने पिशवी गुडघ्यांत धरली आणि तिचं तोंड एका हाताने गाठ मारून बंद केलं.

"ठावं न्हाय," ती म्हणाली. "त्यांना पन ठावं न्हाय."

मग तिने मेघालीला आतून कोरडी सतरंजी आणायला सांगितली. दोघींनी मिळून ती त्याच्या अंगाखाली सारली. तो पुन्हा ओरडला, पण या वेळी त्याने जाईबाईचा चांगला हात घट्ट धरून ठेवला होता. तिने तो लगेच सोडवून घेतला नाही.